सोलरवर चालणाऱ्या यानाचा छोटा गेम बनवतोय, सगळं चालतंय पण मजाच येत नाहीये

सिडकोतला_निशाचर
रविवार, रात्री ११:५२

मंडळी नमस्कार. दोन-तीन वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी दिवसा नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे आठ तास व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, आणि रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडून बसतो. चार महिन्यांपासून एक गेम करतोय, नाव ठेवलंय 'कवडसा'. टू-डी आहे, वरून दिसणारा. मधे सूर्य, भोवती ग्रह आणि दगडधोंडे, आणि आपलं एक छोटं यान, दोन्ही बाजूंना पॅनल, पोटात बॅटरी, मागे इंजिन. ऊन मिळालं की बॅटरी भरते, बॅटरीवर इंजिन चालतं, आणि इकडचं सामान तिकडे पोचवायचं. बास एवढंच. बंदूक नाही, शत्रू नाही, आणि टाकणारही नाही हे आधीच सांगतो.

गोडो ४ नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये (गेम इंजिन म्हणतात त्याला) करतोय कारण फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर पंखा न ओरडता चालतं. आधी दुसऱ्या एका गेम इंजिनात सुरू केलं होतं पण तिथे मराठी लिहिलं की जोडाक्षरं फुटायची, 'शक्ती'चा क एकीकडे आणि ती एकीकडे. गोडो ४ मध्ये मुक्त फॉन्ट टाकला आणि पहिल्या फटक्यात नीट दिसलं, त्या दिवशी मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

आता रडगाणं. सूर्याजवळ बॅटरी कायम फुल्ल, काही विचारच करावा लागत नाही. आणि लांब गेलं की बॅटरी संपते आणि नुसतं बसून राहायचं. दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती नाशिकरोडहून, सहावीत आहे, तिला खेळायला दिला. चार मिनिटांत लॅपटॉप परत दिला आणि म्हणाली, "मामा, हे यान नुसतं चार्जिंगलाच लावायचंय का?"

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. काय करू सांगा.

फुकट_सल्ला
सोमवार, सकाळी ९:१०

शत्रू टाक. लेझर टाक. दोन दिवसात मजा येईल. उगाच डोकं चालवतोयस.

सिडकोतला_निशाचर
सोमवार, सकाळी ९:३१

पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ना राव.

भौतिकवाली_मॅडम
सोमवार, दुपारी ४:०५

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण एक विचारते. लांब गेल्यावर ऊन किती कमी होतं हे तू कसं काढलंयस? अंतर दुप्पट तर ऊन निम्मं, असं केलं असशील तर ते चूक आहे. अंतर दुप्पट तर ऊन पाव. तिप्पट तर नववा हिस्सा.

पृथ्वीपाशी, वातावरणाच्या बाहेर, दर चौरस मीटरला साधारण १३६१ वॅट मिळतात. मंगळापाशी ५९० च्या आसपास. गुरूपाशी फक्त ५०. शनीपाशी १५. उलट बुधाजवळ ९००० च्या वर. आता तुझ्या यानाला १० चौरस मीटर पॅनल आहे असं धर आणि ३० टक्के वीज होते असं धर (अंतराळातली चांगली पॅनलं तेवढी देतात). पृथ्वीपाशी ४ किलोवॅट, म्हणजे घरात गीझर लावून वर इस्त्री चालेल. गुरूपाशी तेच पॅनल १५० वॅट देणार. छताचे दोन पंखे. इथेच खरा खेळ आहे असं मला वाटतं. माझ्या वर्गातल्या पोरांना व्यस्त वर्गाचा नियम पाठ असतो, पण दोन पंखे म्हटलं की डोळे मोठे होतात.

आणि पॅनल तिरकं झालं की? सूर्याकडे सरळ तोंड असेल तर पूर्ण, ६० अंश कललं तर निम्मं. ते धरलंयस का?

सिडकोतला_निशाचर
सोमवार, रात्री ११:१५

मॅडम दंडवत. निम्मंच केलं होतं. 😅 तिरकेपणा तर डोक्यातच नव्हता, पॅनल म्हणजे नुसतं चित्र होतं. आज दोन्ही टाकलं. आता इंजिन एकीकडे तोंड करून चालवायचं तर पॅनल सूर्याकडून फिरतं, म्हणजे थोडी ओढाताण सुरू झाली. पण अजून एक भानगड आहे, यान ग्रहाभोवती नुसतं फिरत सोडलं, इंजिन बंद, तरी दर फेरीला कक्षा मोठी होत जाते आणि दहा मिनिटांत यान पसार. फुकटची ऊर्जा कुठून येतेय?

अर्धवट_कोडर
मंगळवार, सकाळी १०:२०

ओळखीचा आजार आहे. तू प्रत्येक फ्रेमला गुरुत्वाकर्षण काढून ठेवतोस, मग आधी जागा बदलतोयस आणि नंतर वेग, बरोबर? उलटं कर. आधी गुरुत्वाकर्षणाने वेग बदल, मग त्या नव्या वेगाने जागा बदल. एवढ्या दोन ओळी खालीवर केल्या की कक्षा जागेवर राहते, मीसुद्धा पहिल्यांदा केलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. आणि हे सगळं फिजिक्सवाल्या फंक्शनमध्ये ठेव, ते सेकंदाला ६० वेळा ठरल्या वेळी पळतं, चित्र काढायच्या फंक्शनमध्ये ठेवलंस तर प्रत्येकाच्या मोबाईलवर वेगळी कक्षा येईल आणि लोक तुला शिव्या घालतील.

सिडकोतला_निशाचर
मंगळवार, रात्री १०:४८

दोन ओळी. चार महिने मी गुरुत्वाकर्षणाचा आकडा बदलत बसलो होतो. धन्यवाद भाऊ, चहा लागू.

ओझर_निवृत्त
बुधवार, सकाळी ६:४०

नमस्कार. ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरी झाली, आता गंगापूर रोडला घरी असतो, पहाटे उठायची सवय मात्र गेली नाही. धागा वाचला. काही मुद्दे.

एक म्हणजे, सौरऊर्जेवर यान चालतं म्हणजे नक्की काय चालतं ते ठरवा. वीज आहे म्हणून यान ढकललं जात नाही, मागे काहीतरी फेकावं लागतं. 'डॉन' यानात आयन इंजिन होतं, पॅनलची वीज वापरून झेनॉन वायू मागे फेकायचं, निघताना ४२५ किलो झेनॉन बरोबर होता. जोर किती, तर जास्तीत जास्त ९० मिलीन्यूटन. तळहातावर एक-दोन कागद ठेवा, तेवढं ओझं. पण ते वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि सेकंदाला ११ किलोमीटरच्या वर वेगात फरक पाडला, त्याच जोरावर ते लघुग्रहांच्या पट्ट्यात २०११ ला वेस्टापाशी आणि २०१५ ला सेरेसपाशी पोचलं. तेव्हा तुमच्या यानात झेनॉनची टाकी हवी.

काहीच फेकायचं नसेल तर शीड लावा. उजेडाचाच दाब. जपानने २०१० मध्ये इकारोस सोडलं, १४ मीटर बाय १४ मीटरचं शीड, जाडी मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी, आणि ते शुक्राजवळून गेलं. पण दाब किती असतो हे लक्षात घ्या. पृथ्वीच्या अंतरावर एक चौरस किलोमीटरचं आरशासारखं शीड लावलं तर जोर ९ न्यूटन. किलोभर साखरेच्या पिशवीच्या वजनाहून कमी.

आपल्या इन्सॅटच्या काही उपग्रहांना एकाच बाजूला पॅनल असायचं, कारण दुसऱ्या बाजूला हवामानाच्या कॅमेऱ्याला गार राहायला मोकळं आकाश हवं होतं. मग पॅनलवर पडणाऱ्या उजेडाच्या दाबाने उपग्रह हळूहळू वळायला लागणार, म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर छोटं शीड. १९८२ च्या इन्सॅट-१ए चं ते शीड उघडलंच नव्हतं. तुमच्या गेममध्ये एका बाजूचं पॅनल तुटलं तर यान आपोआप वळायला लागलं पाहिजे.

फुकट_सल्ला
बुधवार, सकाळी १०:०२

काका गेम आहे, पीएचडी नाही. झेनॉन संपला की पोरं गेम डिलीट करतील.

ओझर_निवृत्त
बुधवार, सकाळी १०:३०

बंदुकीच्या गोळ्या संपतात तेव्हा करतात का?

पिक्सेलताई
बुधवार, दुपारी १:१५

काकांना फुल मार्क 😂

चित्रांबद्दल थोडं. मी स्क्रीनशॉट पाहिले, वर कोपऱ्यात बॅटरीची पट्टी, शेजारी टक्के, त्याच्याखाली अजून तीन पट्ट्या. खेळणारा यानाकडे बघणारच नाही रे, पट्ट्यांकडेच बघत बसेल, सगळं यानावरच दाखव ना. ऊन पडलं की पॅनल निळं चमकलं पाहिजे, तिरकं झालं की फिकं, बॅटरी कमी झाली की आतला खिडकीचा दिवा मिणमिणता. आणि अंतराळ काळंकुट्ट कशाला, थोडं जांभळट घे, कारण तुला सावली दाखवायची असेल तर ती काळ्यावर दिसणार कशी?

सिडकोतला_निशाचर
बुधवार, रात्री ११:३०

सावली? सावली नाहीच आहे ताई. ग्रहामागे गेलं तरी ऊन मिळतंच सध्या. ते नंतर करू म्हणून ठेवून दिलं होतं.

ओझर काका, झेनॉनची टाकी सध्या नाही टाकत, रागावू नका. दोन टाक्या सांभाळायच्या म्हणजे पुन्हा पट्ट्या आल्या. इंजिन जादूचं आहे असं समजा.

टेरेस_सोलर
गुरुवार, रात्री ९:२०

सावली नाही????

भाऊ मी घरांवर सोलर बसवतो, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड सगळीकडे. आमच्या धंद्यात ऊन हा प्रश्नच नाही, नाशिकमध्ये ऊन कुणाला कमी आहे. आमचा अख्खा धंदा सावलीचा आहे. साइटवर गेलं की पहिलं बघायचं टाकी कुठे, जिन्याची टोपी कुठे, शेजारचा मजला चढवणार आहे का, डिशची छत्री कुठे.

एक किस्सा सांगतो. एका गिऱ्हाइकाचा फोन, दुपारी चारनंतर जनरेशन एकदम बसतंय. गेलो. आठ पॅनल एका लायनीत जोडलेले, आणि शेवटच्या पॅनलच्या एका कोपऱ्यावर दोरीवरच्या गोधडीची सावली. वहिनींनी नवीन दोरी बांधली होती. लोकांना वाटतं कोपरा झाकला तर कोपऱ्याएवढंच नुकसान. तसं नसतं. सेल एकामागे एक जोडलेले असतात, पाइपसारखे समजा, एका ठिकाणी पाइप दाबला की पुढचं-मागचं सगळं पाणी तेवढंच. म्हणून पॅनलमध्ये मागे डायोड असतात, सावलीतला तुकडा वगळून करंट बाजूने जातो, नाहीतर तो तुकडा तापून जळायचा. पण वगळला म्हणजे तेवढा तुकडा गेलाच, हातभर सावलीत पॅनलचा तिसरा हिस्सा जातो.

तर तुझ्या यानाच्या पॅनलचे तुकडे कर. दगडाची सावली एका तुकड्यावर आली की अख्खी बाजू बसली पाहिजे. आणि वगळायचं बटण खेळणाऱ्याच्या हातात दे. खऱ्यात डायोड आपोआप करतो पण गेममध्ये हाताने करायला मजा येईल.

अजून एक, ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं सरळ नसतं. पॅनल तापलं की कमी देतं, २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३५ ते ०.४ टक्का. सूर्याजवळ जाताना हे लाव.

ओझर_निवृत्त
शुक्रवार, सकाळी ६:१५

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पार्कर यान सूर्याच्या अगदी जवळ जातं तेव्हा पॅनल मिटून ढालीमागे घेतं, फक्त टोकं बाहेर ठेवतं, आणि त्यातून पाणी खेळवून गार ठेवतं.

आणि सावलीवरून आठवलं, परवाच लिहायला हवं होतं. 'जुनो' यान गुरूभोवती सौर पॅनलवर चालतं, पृथ्वीपाशी १४ किलोवॅट देणारी पॅनलं तिथे ५०० वॅटच्या आसपास देतात, मॅडमचा हिशोब लावून बघा, बरोबर येतो. २०१९ मध्ये एका फेरीत यान गुरूच्या सावलीत १२ तास जाणार होतं. बॅटरी तेवढी टिकणार नव्हती, यान गारठून मेलं असतं. मग त्यांनी बारके थ्रस्टर सलग साडेदहा तास चालवले आणि यान सावलीच्या बाजूने काढलं. आपल्या मंगळयानाचंही तेच, २०१७ च्या जानेवारीत लांबलेलं ग्रहण टाळायला कक्षा बदलली, आणि २०२२ च्या एप्रिलमधल्या लांब ग्रहणानंतर संपर्क गेला तो गेलाच. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान जवळजवळ आठ वर्षं टिकलं.

साडेदहा तास इंजिन, कशासाठी, तर सावली चुकवायला. हा तुमचा गेम.

सिडकोतला_निशाचर
शुक्रवार, सकाळी ८:०५

कंपनीच्या बसमध्ये वाचतोय हे, द्वारका चौकात अडकलोय, आणि कधी एकदा रात्र होते असं झालंय.

गोदाकाठची
शुक्रवार, दुपारी १२:४०

ग्रहण म्हणा की सरळ सावलीला, काय सुंदर शब्द आहे आपल्याकडे. आमची आजी पंचवटीत राहायची, ग्रहण लागलं की गल्लीतून "दे दान सुटे गिऱ्हाण" असं ओरडत लोक यायचे ते मला आठवतंय, आणि ग्रहण सुटलं की सगळे रामकुंडावर आंघोळीला. यान उन्हात आलं की स्क्रीनवर 'सुटलं गिऱ्हाण' असं येऊ दे.

बागायतदार_निफाड
शुक्रवार, रात्री १०:१०

गेम वगैरे मी खेळत नाही, पोरगा खेळतो, त्याने धागा दाखवला. पण सोलरचं लिहितो.

आमच्याकडं विहिरीवर ५ एचपीचा सोलर पंप आहे. तुमच्या गेममध्ये ऊन गेलं की इंजिन एकदम बंद होत असेल. तसं होत नाही. ढग आला की धार बारीक होते. मनगटाएवढी धार असते ती अंगठ्याएवढी होते, मग करंगळीएवढी, मोटरचा आवाज पण उतरत जातो, ढग गेला की परत चढतो. मी पाठ करून बसलो तरी मला आवाजावरून कळतं किती ढग आहे. आणि धूळ. बांधावरून ट्रॅक्टर दोनदा गेला की पॅनल मातकट, आठवड्याला पोरगा धुतो, नाही धुतलं तर फरक कळतो.

आता खरी गोष्ट. आमच्याकडं थंडी किती पडते हे नाशिककरांना सांगायला नको, निफाडचा पारा पेपरात येतो. मण्यात पाणी उतरायच्या वेळेला कडाक्याची थंडी आली की मणी तडकतात. मग पहाटे तीन-चारला बागेत छाटणीच्या काड्या पेटवून धूर करायचा आणि ठिबकने पाणी सोडायचं, विहिरीचं पाणी कोमट असतं, वाफ निघते त्यातून. पण पहाटे ऊन कुठंय. ज्या घटकेला पाणी सगळ्यात जास्त पाहिजे त्याच घटकेला सोलर पंप मुका. लाईटचा नंबर (शेतीची लाईट पाळीने येते) रात्रीचा असला तर ठीक, नाहीतर शेकोटीपाशी बसून पूर्वेकडं बघत राहायचं. तुमच्या यानाला पण सावलीत गेल्यावर थंडी वाजत असेल ना, तेव्हाच हीटर पाहिजे आणि तेव्हाच वीज नाही. ते टाका.

टेरेस_सोलर
शुक्रवार, रात्री १०:३२

दादा एक नंबर. आणि ह्याला जोडून, लिथियमची बॅटरी शून्याच्या खाली गेलेली असताना चार्ज करायची नसते, खराब होते. म्हणजे सावलीतून यान बाहेर आलं, ऊन भरपूर, पण बॅटरी गारठलेली असेल तर ऊन घेताच येणार नाही. आधी ती उबदार करा, मग चार्जिंग.

अर्धवट_कोडर
शनिवार, सकाळी ११:००

सावलीचं गणित सोपं आहे, रेकास्टच्या (किरण सोडून मधे काय आडवं येतं ते तपासायच्या) नादी लागू नकोस. सूर्यापासून ग्रहाकडे रेघ काढ, यान त्या रेघेपासून आडवं किती लांब आहे ते बघ, ग्रहाच्या त्रिज्येपेक्षा कमी आणि यान ग्रहाच्या पलीकडे असेल तर सावलीत. आणि कडेला एकदम काळं नको करू, सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, म्हणून आधी उपच्छाया (अर्धवट सावली) मग प्रच्छाया (पूर्ण सावली). निफाडकर दादांची धार बारीक होते तसंच.

नाशिकरोड९०
शनिवार, दुपारी ३:२०

सगळं वाचून काढलं. म्हणजे थोडक्यात अंतराळातलं लोडशेडिंग 😄 आमच्या लहानपणी घरात ठरलेलं असायचं, लाईट जायच्या आधी टाकी भरायची, मिक्सर उरकायचा, इन्व्हर्टरवर फक्त एक पंखा आणि हॉलची ट्यूब, आणि बाबांची मॅच असेल तर पंखा पण बंद. यानात तसं कर. ग्रहण यायच्या आधी काय काय उरकायचं आणि ग्रहणात काय चालू ठेवायचं.

फुकट_सल्ला
शनिवार, दुपारी ३:४५

लोडशेडिंगची आयडिया चांगली आहे. लेझर पण टाका.

सिडकोतला_निशाचर
दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री १:१०

जिवंत आहे. दोन आठवडे ऑनलाइन आलो नाही कारण जवळजवळ सगळं उचकटून पुन्हा बांधलं.

सामान पोचवायचं तसंच आहे पण आता मधे सावल्या आहेत. प्रत्येक ग्रहामागे लांब काळी-जांभळी पट्टी (पिक्सेलताईंचं जांभळं), दगडांमागे छोट्या फिरत्या पट्ट्या. पहिल्या लेव्हलला पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरायचं, खऱ्यात ९० मिनिटांची फेरी असते आणि त्यात पस्तीसेक मिनिटं सावली, मी ती ९० सेकंदांवर आणलीय. चारच बटणं ठेवली: इंजिन, हीटर, रेडिओ, आणि 'डोकं' म्हणजे कॉम्प्युटर. डोकं बंद केलं की सगळ्यात जास्त वीज वाचते पण स्क्रीन काळी होते, यान दिसतच नाही, नुसता बॅटरीचा ठोका ऐकू येतो, आणि किती वेळाने जागं व्हायचं ते झोपायच्या आधी ठरवायचं. ही आयडिया रोझेटावरून घेतली, ते यान सूर्यापासून फार लांब गेल्यावर २०११ च्या जूनमध्ये झोपवलं आणि २०१४ च्या जानेवारीत गजर लावल्यासारखं आपलं आपण उठलं. ३१ महिने. मी ३१ सेकंद ठेवलेत आणि तेवढेसुद्धा जीव खातात राव.

पॅनलला दोन्हीकडे तीन-तीन तुकडे. एकावर सावली आली की ती बाजू बसते, तुकड्यावर टिचकी मारली की तो वगळला जातो. गोधडीवाल्या वहिनींच्या आठवणीत एका लेव्हलमध्ये तरंगतं एक फडकं टाकलंय, उपग्रहाचं निघालेलं सोनेरी आवरण म्हणून, ते पॅनलवरून सरकत जातं.

आणि निफाडकर दादा, इंजिनाचा आवाज आता धारेसारखा आहे. चालू-बंद नाही. सावलीच्या कडेला शिरलं की सूर उतरत जातो. हे एवढं केलं आणि गेम वेगळाच झाला, कारण आता डोळे मिटून कळतं की कडेला आलोय.

सगळ्यात जास्त वेळ गारठलेल्या बॅटरीत गेला. पहिल्यांदा केलं तेव्हा उन्हात येऊनही यान मरायचं आणि खेळणाऱ्याला कळायचंच नाही का, मलाच वाटायचं बग आहे. मग पॅनलवर उजेड पडलेला आहे, निळं चमकतंय, पण बॅटरीवर दव साचल्यासारखं पांढरं, आणि हीटरचं बटण थरथरतंय असं केलं. शेवटची चार टक्के वीज हीटरला द्यायची की इंजिनाला, म्हणजे अजून उन्हात सरकायचं की आहे तिथेच ऊब धरायची. इथे मी स्वतःच सतरा वेळा मेलोय.

सूर्याकडे गेलं की पॅनल तापतं, मिटता येतं. इन्सॅटवालं वळणं पण आहे, एक बाजू मिटली की यान हळूच वळतं. काका, झेनॉन नाही, पण हे आहे, अर्धी माफी द्या.

लिंक खाली आहे, ब्राउजरमध्ये चालतं.

एक_वाचक
रविवार, सकाळी ९:४०

माझ्या फोनवर वरची अर्धी स्क्रीन कापली जातेय. सूर्यच दिसत नाही 😭

सिडकोतला_निशाचर
रविवार, सकाळी १०:१५

बघतो. सूर्याशिवाय कसं खेळणार.

ओझर_निवृत्त
रविवार, सकाळी ११:०५

पाऊण माफी. नातवाकडून लावून घेतलं. अंतराळात आवाज नसतो हे लिहिणार होतो, पण तो आवाज यानाच्या आतला आहे असं मानून घेतो. दुसऱ्या लेव्हलला कक्षा थोडी वर उचलली तर ग्रहण पूर्ण चुकवता येतं, हे तुम्ही मुद्दाम ठेवलंय की राहून गेलंय?

सिडकोतला_निशाचर
रविवार, सकाळी ११:२०

राहून गेलं होतं. आता मुद्दाम आहे.

भौतिकवाली_मॅडम
सोमवार, दुपारी ४:३०

वर्गात प्रोजेक्टरवर लावला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर तोंड उघडत नाही, तो ओरडला "अरे सावली डावीकडून येतेय, आत्ता हीटर!" मी फक्त मागे उभी होते.

एक सुचवते. आपल्या नाशिकला सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या २० तारखेच्या आसपास आणि मग जुलैच्या उत्तरार्धात, जुलैत ढग असतात म्हणून मेचाच बघायला मिळतो. मी दरवर्षी पोरांना गच्चीवर नेते, स्टीलचा ग्लास उपडा ठेवायचा, साडेबाराच्या सुमाराला त्याची सावली हळूहळू त्याच्याच खाली शिरते आणि नाहीशी होते. तुझा गेम सुरू होतो तिथे नुसतं नाव येतं. त्याऐवजी तो ग्लास दाखव, सावली शिरून गेली की खेळ सुरू.

पिक्सेलताई
सोमवार, संध्याकाळी ७:००

ग्लास मी काढून देते. त्यावर नाव कोरलेलं पाहिजे, भांड्यांवर असतं तसं, 'कवडसा' आणि खाली तारीख.

सिडकोतला_निशाचर
नाताळच्या सुट्टीत, शुक्रवार, रात्री १०:२०

भाची परत आली. ग्लास दाखवला, काही बोलली नाही. पहिल्या ग्रहणात मेली. दुसऱ्यांदा मेली. मग मी पाणी प्यायला गेलो, आलो तर तिने यान एका मोठ्या दगडाच्या सावलीच्या अगदी कडेला लावलेलं, एक पॅनल उन्हात, एक सावलीत, सावलीतली बाजू मिटलेली, आणि यान आपोआप वळत होतं त्याचा उपयोग करून ती इंजिन न लावताच तोंड फिरवत होती. हे मी ठरवून केलेलं नाही, मला माहीतच नव्हतं असं करता येतं. म्हटलं हे कुणी शिकवलं, तर म्हणे "थांब ना मामा". जेवायला तीनदा हाका मारल्या ताईने.

फोनवरची कापलेली स्क्रीन दुरुस्त केलीय, गेमचा नवीन बिल्ड (सुधारलेली आवृत्ती) चढवलाय.

एक_वाचक
शुक्रवार, रात्री ११:०२

दिसला सूर्य. लगेच मेलो, पण दिसला.

बागायतदार_निफाड
शनिवार, पहाटे ५:५०

पोराने फोनमध्ये टाकून दिलाय. आज थंडी बेकार आहे, तीनपासून बागेतच आहे, लाईटचा नंबर आजचा नाही म्हणून काड्या पेटवून बसलोय. शेकोटीपाशी बसून खेळलो. ते डोकं बंद करून झोपायचं बटण मला पटलं नाही, आम्हाला कुठं झोपता येतं. हीटर चालू ठेवला, बाकी सगळं बंद, तीन टक्क्यावर बाहेर आलो. ते 'सुटलं गिऱ्हाण' आलं तेव्हा गड्याला पण दाखवलं.

तुमच्या आवाजात एक कमी आहे. ऊन पहिल्यांदा लागतं ना तेव्हा मोटर लगेच सूर धरत नाही, आधी दोन-तीनदा खाकरते. नुसतं ख्यॅक करून थांबते, परत ख्यॅक, मग धरते. आज पंप चालू झाला की रेकॉर्ड करून पाठवतो, अजून तासभर तरी आहे.